उणे सात आणि जावईबुवा

फ्रिजमध्ये जागा नाही, म्हणून पाण्याच्या बाटल्या बाल्कनीत ठेवायच्या, एवढंच टोर्कीलनं ठरवलं होतं. (तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकानं घरातलं एवढं ठरवणं हेही काही थोडं नाही.) फ्रिज अडवला होता कोळंबीनं नटवलेल्या भल्यामोठ्या सँडविच-केकनं, आणि केक होता सासऱ्यांच्या पंचाहत्तरीचा.

सासरे सिक्स्टेन यांनी स्वीडनमधल्या उमेओच्या शाळेत जन्मभर रसायनशास्त्र शिकवलेलं. मुलगी इल्वा ढगांवर संशोधन करते याचा त्यांना अभिमान. जावई 'विज्ञान म्हणजे नेमकं काय' यावर संशोधन करतो, हे मात्र त्यांच्या कधी गळी उतरलं नव्हतं.

केक कापता कापता इल्वाला आठवण झाली. "टोर्कील, अरे बाहेर उणे सात आहे! सकाळपासून बाटल्या तिथे. पाण्याचा दगड झाला असेल."

"कशावरून?"

"कशावरून म्हणजे? पाणी शून्याला गोठतं!"

"आजवर गोठलं. आज गोठलंच पाहिजे, हे कुठून आलं?"

"झालं सुरू!" सिक्स्टेननी काटा रोखला. "जावईबुवा, आम्ही थर्मामीटर बघतो, तुम्ही थर्मामीटरची उलटतपासणी घेता. यातून जगाला मिळतं काय, ते सांगा एकदा."

"तुम्ही काय गृहीत धरलंय, ते आम्ही दाखवतो."

"गृहीत? अहो, मोजलंय! पोरांच्या पिढ्याच्या पिढ्यांकडून मोजून घेतलंय!"

टोर्कील तडक मोज्यांवरच बाल्कनीत गेला. (बाहेर दगडच असणार, हे त्यालाही मनातून ठाऊक होतं. पण उठल्यावर परत बसता येत नाही.) त्यानं बाटली उचलली. आत पाणी डुचमळलं. स्वच्छ, पातळ, मजेत!

छाती फुगवून तो आत आला. "बघा! उणे सातला पाणी!" आणि विजयाच्या भरात बाटली टेबलावर आपटली.

बाटलीच्या गळ्याशी एक पांढरा ठिपका उमटला. त्याला पिसं फुटली, त्या पिसांना आणखी पिसं फुटली, आणि सगळ्यांच्या डोळ्यांदेखत एक शुभ्र झाड खाली खाली वाढत तळाला टेकलं. आवाज नाही, काही नाही. मघाचं पाणी आता बर्फ होतं.

केकवरची कोळंबी सिक्स्टेनच्या काट्यावर तशीच लटकत राहिली.

"पाणी फार शुद्ध असलं की असं होतं," इल्वा हळूच म्हणाली. "गोठायला निमित्त लागतं. धुळीचा कण, नाहीतर धक्का. ढगांत असे थेंब याहून कितीतरी गार असतात, आणि वाट बघत तरंगतात."

"पण आधी कोण?" टोर्कील आपला विजय विसरून गेला होता. "एवढ्या असंख्य रेणूंत पहिले कुठले ठरवतात, की आता बर्फ व्हायचं?"

"तेच तर आम्ही शोधतोय. आणि 'ठरवतात' म्हणणं बरोबर की नाही, ते मलाच तुला विचारावं लागेल."

सिक्स्टेननी चष्मा काढून पुसला. "दरवर्षी फळ्यावर लिहायचो हे. पाहिलं आज." मग एकदम उठले. "बाकीच्या कुठायत?"

सासरे-जावई मोज्यांवरच बाल्कनीत धावले. धाड! एकीत वरून हिमवर्षाव झाला. धाड! दुसरीत तळातून पहाट उगवावी तसं काहीतरी उजळत वर आलं. प्यायच्या पाण्याचा पार चुरा झाला, पण दोघंही "ओहोहो" खेरीज बोलत नव्हते.

शेवटची बाटली मात्र ऐकेना. आपटली, हलवली, कठड्यावर ठोकली. पाणी ढिम्म!

"काहीतरी मिसळलंय यात," सिक्स्टेन म्हणाले.

"किंवा," टोर्कीलचा आवाज थरथरला (थंडीनं नव्हे, निदान केवळ थंडीनं नव्हे), "आपण नियमच चुकीचा मांडलाय! एक अपवाद पुरतो. विज्ञान जिथे थबकतं, तिथे नेमके हेच प्रश्न उभे राहतात..."

"मुद्दा आहे," सिक्स्टेन म्हणाले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा! टोर्कीलला वाटलं, आयुष्यभराचा अभ्यास या बाटलीसाठीच होता. दात वाजवत तो बोलत राहिला. म्हातारा ऐकत राहिला.

शेवटी इल्वा शाल घेऊन बाहेर आली. तिनं बाटली घेतली आणि नखानं लेबलवरचं हिम खरवडलं.

"ही वोडका आहे. बाबांसाठी मीच गार करत ठेवली होती."

टोर्कीलनं वाकून लेबल दोनदा वाचलं.

"मी म्हणालोच होतो, काहीतरी मिसळलंय!" सिक्स्टेननी बाटली काखेत मारली, शाल पांघरली आणि ते आत जाऊन बसले.