बंद फोनचं गाणं

कुरणावर मुक्कामाला निघताना नारीन गावच्या कचेरीतले कारकून सागिनबेक यांनी एक छोटासा निर्णय घेतला. बायकोचा गाण्यांचा प्लेयर यंदा घरीच ठेवायचा. (घरातले बहुतेक निर्णय तेच घेत. ते कोणी पाळत नसे, एवढंच.)

"या फोनमध्ये जगातली सगळी गाणी आहेत," नवा फोन नाचवत ते म्हणाले.

"असतील," बुरुलचा म्हणाली, आणि प्लेयर पिठाच्या पोत्यात खुपसून घेऊन आली.

गाणी खरोखरच जगात होती. फोनमध्ये एकही नव्हतं. कुरणावर नेटवर्क नाही. पोचले त्याच दिवशी मुलासाठी पाहिलेल्या मुलीचे आईवडील, ओरोझाली आणि कानिशाय, यायचे होते. त्यांना 'गाण्यांची मैफल' कबूल करून ठेवलेली. फोन उंच धरून सागिनबेक दुपारभर टेकड्या चढले. नेटवर्क मिळालं नाही, बॅटरी मात्र संपली.

मटण झालं, घोडीच्या दुधाचा कुमिस झाला. ओरोझाली मांडी ठोकून बसले. "हं व्याही, होऊन जाऊ द्या."

सागिनबेक तंबूतल्या चुलीकडच्या पडद्याआड गेले. "बुरुलचा, अब्रू जातेय."

"तुमची असेल. माझी पिठात सुखरूप आहे."

पण बाईचं मन मोठं. तिने पीठ झटकून प्लेयर छोट्या स्पीकरला जोडला. बाहेर सागिनबेकनी फोनवर ऐटीत बोट आपटलं, आत तिने बटण दाबलं. कोमुझच्या तारा अशा लख्ख वाजल्या, की वाजवणारा जणू शेजारीच येऊन बसला. ओरोझालींनी टोपी काढून डोळे पुसले. "काय फोन आहे हो. बघू जरा."

सागिनबेक नको नको म्हणेपर्यंत फोन त्यांच्या हातात गेला होता. गाणं चालूच.

"हा तर बंद आहे."

"बंद करूनच ऐकायचा असतो," सागिनबेक घाम पुसत म्हणाले. "बॅटरी वाचते."

कानिशाय उठल्या आणि त्यांनी पडदा सारला. पोत्यावर बुरुलचा, तिच्या मांडीवर पिठाने माखलेला प्लेयर. मग कानिशाय इतक्या हसल्या की त्यांना टेकून बसावं लागलं.

ओरोझालींनी मात्र तो चिमुकला प्लेयर कोकरासारखा दोन्ही हातांत घेतला. "याला नेटवर्क लागत नाही?"

"नाही," बुरुलचा म्हणाली.

"मध्येच साहेबाचा फोन?"

"येतच नाही. हा नुसता गातो."

"वा. एकच काम, पण मन लावून. अशा घरात मुलगी द्यायला हरकत नाही."

सागिनबेकचा जीव भांड्यात पडला. तेवढ्यात पुढचं गाणं सुरू झालं. आधी घरघर, मग शिट्टी, मग कोणीतरी लाकूड कापावं तसा खर्जातला आवाज.

ओरोझालींनी कान लावला. "हे वाद्य ओळखीचं नाही. कोणतं हो?"

"आमच्या ह्यांचं घोरणं," बुरुलचा शांतपणे म्हणाली. "रेकॉर्ड करून ठेवलंय, पुरावा म्हणून. याला चार्जिंगसुद्धा लागत नाही."