आधी कोकरूपण विचारा

पहिल्या भेटीत माणसं एकमेकांना गाव विचारतात, नोकरी विचारतात. डॉ. वर्तक जन्माच्या वेळचं वजन विचारायचे. माझ्या नवऱ्याचा बॉस दिवाळीला घरी आला होता. त्यालाही त्यांनी सोडलं नाही. "अन् आईचं दूध किती महिने मिळालं?" बॉसने चिवड्याची बशी खाली ठेवली.

ही पंच्याण्णव-शहाण्णवची गोष्ट. दुबईत, बर दुबई भागात, वर्तक आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. जनावरांचे डॉक्टर. आठवडाभर अल ऐनजवळ एका अरबाच्या फार्मवर मेंढ्यांत, गुरुवारी संध्याकाळी घरी. लिफ्टमध्ये शिरलं, की ते आल्याचं नाकाला कळायचं.

मेंढी पुढे किती विणार, जुळी देणार की एकच, हे ती आईच्या पोटात असताना आणि पहिल्या काही महिन्यांत तिला काय पोषण मिळतं त्यावर बरंचसं ठरतं, असं त्यांचं म्हणणं. मग कुठल्याही तक्रारीवर उत्तर एकच. "आधी कोकरूपण विचारा." खालच्या मजल्यावरच्या मीनूला गणित जमेना, तरी तेच. ती बिचारी म्हणाली, "अंकल, आय ॲम नॉट अ शीप."

फार्मचा मालक न विणाऱ्या मेंढ्या ईदला कापायला काढायचं म्हणाला, की हे आडवे यायचे. "अरबाब, बचपन में भूखी थी. एक सीझन और." मालक "इन्शाल्ला, डॉक्टर" म्हणून हसायचा आणि सोडून द्यायचा. हे सगळं वर्तक आम्हाला साभिनय करून दाखवायचे.

मला दिवस गेले तेव्हा तर त्यांना ऊत आला. "शेवटचे दोन महिने महत्त्वाचे. मेंढीला आम्ही बार्ली वाढवतो, तुम्ही नाचणी घ्या." मागोमाग त्यांची बायको, सुमनवहिनी, नाचणीच्या लाडवांचा डबा घेऊन यायची. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, मूल नव्हतं. त्यावर कोणी बोलायचं नाही, वर्तकही नाहीत.

सातव्या महिन्यात एका शुक्रवारी माझं डोहाळजेवण झालं. पुण्याहून नवऱ्याच्या आत्या आल्या होत्या. ओटी भरायला वहिनी उठली, तबक हातात घेतलं. आत्या म्हणाल्या, "लेकुरवाळ्यांनी भरावी हं." वहिनीने तबक खाली ठेवलं. मला संताप आला.

बासुंदीची वाटी घेऊन वर्तक दारात उभे होते.

"आत्या, ही दुष्काळात जन्मली. आईच्याच पोटात अन्न नव्हतं, हिला दूध कुठून मिळणार? लहानपणी उपाशी राहिलेल्या मेंढीला मी फार्मवर कोणाला वांझ म्हणू देत नाही. बायकोला कसं म्हणू देईन?"

भर डोहाळजेवणात बायकोला मेंढ्यांच्या पंगतीत बसवणारा हा एकच माणूस. पण कोणी हसलं नाही. मी पदर पसरला. म्हटलं, "वहिनी, तुम्हीच भरा."

वहिनीने घाईघाईने भरभरून ओंजळ ओतली. निम्मे तांदूळ पदरात पडले, निम्मे कार्पेटवर. वर्तक आमच्याकडे पाठ करून गुडघ्यांवर बसले आणि एकेक दाणा टिपायला लागले.

"असू द्या हो, मी झाडून घेते," वहिनी म्हणाली.

ते उठेनात.