बारा तास उजेड देणारी बॅटरी

आमच्या गावात विज्ञानाचा प्रश्न निघाला की लोक माझ्याकडे येतात. येणारच. तालुक्याच्या एका हायस्कुलात मी बावीस वर्षांपासून प्रयोगशाळा परिचर आहे. प्रयोग मास्तर करतात हे खरं, पण परीक्षानळ्या धुतो कोण? त्यामुळे धानाच्या राखणीसाठी अठरा शेतकऱ्यांनी मिळून नव्या बॅटऱ्या घ्यायचं ठरवलं, तेव्हा सुकलूभाऊ नमुन्याची एक बॅटरी घेऊन थेट माझ्याच अंगणात आले. मागच्या वर्षीच्या बॅटऱ्या दोन तासांत काजव्यासारख्या झाल्या होत्या आणि रानडुकरांनी त्या मंद उजेडात आरामात धान खाल्लं होतं. सुकलूभाऊंची बांधी, म्हणजे धानाचं शेत, जंगलाला लागून. यंदा फसगत झाली तर पहिला नंबर त्यांचाच.

"संघपालभाऊ, खोक्यावर बारा तास लिवलं आहे," ते म्हणाले. "खरं का खोटं, तुमी सांगा."

मी म्हणालो, रविवारी संध्याकाळी लेखी निकाल देतो.

रविवारी सकाळी सहाला मी धानाच्या खोलीत प्रयोग मांडला. खिडकीला गोणपाटाचा बोरा लावून अंधार केला. भिंतीला पांढरा कागद चिकटवला, समोर स्टुलावर बॅटरी ठेवली, कागदाजवळ मोबाइल. त्यात उजेड मोजायचं ॲप होतं. आकडा निम्म्यावर आला की बॅटरी नापास, असा नियमही केला. बायकोला, निशाला, बजावलं की दार उघडलं तर प्रयोग नासतो, कोणी विचारलं तर मी घरी नाही म्हणून सांग. ती आठच्या जीपने गोंडपिपरीला बाजाराला गेली आणि जाताना शेजारच्या सोमारीबाईला इमानदारीने सांगून गेली, की घरी कोणी नाही, जरा लक्ष ठेवा.

सहाला आकडा चारशे होता. साडेसहाला तीनशे वीस. पण सातला तीनशे पंधरा, साडेसातला तीनशे बारा, आणि मग तो आकडा सासरी आलेल्या जावयासारखा बसला, तो हलेचना. न हलणाऱ्या आकड्याकडे माणूस किती वेळ बघणार? खोली थंड होती, धानाची पोती मऊ होती. मी जरा टेकलो.

पुढचं मला नंतर कळलं. दहाच्या सुमारास सोमारीबाई आपलं सूप परत न्यायला आली. घरी कोणी नाही हे तिला पक्कं ठाऊक, आणि धानाच्या खोलीतून तर गुरगुर ऐकू येत होती. तिने दाराच्या फटीला डोळा लावला. आत काहीतरी लखलखलं. दोनच दिवसांआधी शेजारच्या गावातून बिबट्याने बकरी नेली होती. सोमारीबाईने बाहेरून कडी घातली आणि चौकाकडे धूम ठोकली.

मला जाग आली ती गलक्याने. अंगणात अर्धं गाव होतं आणि सगळे ओरडत होते, बिबट आहे, दूर व्हा. आता बंद खोलीतला कोणताही शहाणा माणूस काय समजेल? बिबट अंगणात आहे, हेच मी समजलो. पाय न वाजवता उठलो आणि आतूनही कडी घातली. ती खाडकन वाजली. बाहेरचा गलका मागे सरकला.

मग सुकलूभाऊंचा आवाज आला, "दाराले पंजा मारून राह्यला."

म्हणजे तो माझ्याच दाराशी! मी धानाचं एक पोतं ओढून दाराला लावलं. ते धपकन आदळलं तशी बाहेर पळापळ झाली. पळापळ ऐकून मी दुसरं पोतं ओढलं. अशी चार पोती झाली. फोन करावा म्हटलं तर ॲप चालवून चालवून मोबाइल मेलेला. आवाज द्यावा तर बिबट कौलं फोडून आत येईल ही भीती. मी कोपऱ्यात अंग चोरून बसलो.

तासाभराने वनरक्षक दिव्यानी मॅडम तीन माणसं आणि जाळी घेऊन आल्या. आधी प्राणी पाहून घेऊ म्हणून त्यांनी काठीने खिडकीचा बोरा बाजूला सारला. मला फक्त बोरा हलताना दिसला. आला, असं म्हणून मी स्टुलावरची बॅटरी उचलली आणि सगळा उजेड खिडकीवर सोडला.

अंगण रिकामं झालं. जाळीवाले जाळी टाकून पळाले. सुकलूभाऊ, वय बासष्ट, संडासाच्या छतावर चढले. जागेवर उभ्या राहिल्या त्या फक्त दिव्यानी मॅडम. डोळ्यांवर हात धरून त्या म्हणाल्या, "बिबट्यापाशी बॅटरी कुठून आली?"

मी हळूच विचारलं, "मॅडम, बिबट गेला का?"

मग मॅडमनी नाव विचारलं. मी सांगितलं. चार पोती हटवून बाहेर यायला मला दहा मिनिटं लागली आणि तेवढ्यात पळालेलं गाव परत जमलं.

छतावरून उतरवल्यावर सुकलूभाऊंनी तिथल्या तिथे निकाल दिला: ज्या बॅटरीने एवढा जमाव हटतो, तिच्यापुढे डुक्कर काय टिकणार? अठराही बॅटऱ्या पक्क्या झाल्या. किती तास चालते ते कोणी विचारलं नाही.

पण मॅडमना वर अहवाल द्यायचा होता. सगळं जुळलं, फक्त गुरगुर जुळेना. सोमारीबाई शपथेवर सांगत होती की आवाज जनावराचाच. मला विचारलं तर मी म्हणालो, कल्पना नाही. तेवढ्यात निशा बाजारातून आली. तिने पिशवी खाली ठेवली, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मॅडम, सोळा वर्षं झाले, मी रोज ऐकून राह्यली. लिवून घ्या."

मॅडमनी लिहून घेतलं: 'सदर आवाज पतीच्या घोरण्याचा असल्याचे पत्नीने ओळखले.' खाली पंच म्हणून सोमारीबाईचा अंगठा, सुकलूभाऊंची सही, आणि शेवटी माझी.

सही करण्याआधी मी मजकूर नीट वाचला. 'घोरण्याचा' हे शुद्ध लिहिलं होतं, त्यामुळे हरकत घ्यायला काही जागाच नव्हती.