शेवंतीचा हयातीचा दाखला

तुमच्या गावची नदी हयातीचा दाखला द्यायला स्वतः येते, की कुणाच्या हाती पाठवते? धामणपूरची शेवंती नदी दर नोव्हेंबरात स्वतः यायची, आणि लागोपाठ तीन वर्षं ती आली नाही म्हणून महापालिकेने नियमाप्रमाणे तिला मयत धरलं होतं.

शेवंती ही रीतसर निवृत्त झालेली नदी. शहरात घरोघरी नळ आले त्या वर्षी तिला शाल-श्रीफळ देऊन निरोप दिला गेला. तेव्हापासून दर महिन्याच्या एक तारखेला वरच्या धरणातून तिला ठरावीक पाणी निवृत्तिवेतन म्हणून सुटायचं, आणि ती ते महिनाभर पुरवून वापरायची. अट एकच. वर्षातून एकदा निवृत्तिवेतन विभागाच्या खिडकीशी येऊन आपण जिवंत आहोत हे दाखवायचं. पहिल्या वर्षी ती आली नाही तेव्हा पाणी थांबलं. तिसऱ्या वर्षी फाइलवर शेरा पडला.

यंदा महापालिकेने नदीवर नौकाविहार सुरू करायचं ठरवलं. घाट बांधला, तिकीटखिडकी रंगवली, बारा बोटी आणून कोरड्या वाळूवर ओळीने मांडल्या. मग धरणाकडे पाणी मागितलं, तर उत्तर आलं, ‘सदर निवृत्तिवेतनधारक मयत आहे.’

ही फाइल नलिनी कापडणीस यांच्या टेबलावर आली तेव्हा तीस नोव्हेंबरच्या सकाळचे साडेअकरा वाजले होते. नलूताईंची एकवीस वर्षं नोकरी झाली होती आणि त्यांच्या कामात कधी खाडाखोड नव्हती. त्यांनी फाइल उघडली. ‘मयत’ हा शब्द त्यांच्याच वळणदार अक्षरात होता.

“शेऱ्यावर हरकत घ्यायला एक वर्ष असतं,” उपायुक्त खडके साहेब म्हणाले. “ते आज पाच वाजता संपतं. मग फाइल कायमची बंद आणि नदीची जागा वाहनतळाला. ठराव टाइप करून ठेवलाय.”

“आणि बोटी, साहेब?”

“बागेत ठेवू. मुलं बसतील.”

नलूताई जागेवर येऊन बसल्या तोवर सोपानकाका तारू जिना चढून धापा टाकत दारात उभे होते. नौकाविहारावर नेमलेले हे म्हातारे नावाडी. त्यांची तीन पिढ्यांची होडी याच पात्रात चाललेली.

“ताई, शेवंतीला तुम्ही मारलंत म्हणे.”

“मी नाही हो काका, नियमाने. त्या आल्या नाहीत ना.”

“आली नाही? तिन्ही वर्षं आली! जुन्या कचेरीत. तिथं आता साड्यांचं दुकान आहे. तासन् तास उंबऱ्याशी उभी राहायची. दुकानदार म्हणायचा, बाई, घ्यायचं नसेल तर बाजूला व्हा, साड्या भिजतात. यंदा तेवढं अंगच राहिलं नाही तिचं.”

“पण विभाग हलल्याची सूचना मी स्वतः लावली होती.”

“कुठं?”

नलूताईंनी काकांच्या मागच्या दाराकडे पाहिलं. सूचना अजून तिथेच होती. ‘निवृत्तिवेतन विभाग या इमारतीत हलवण्यात आला आहे. सर्व संबंधितांनी नोंद घ्यावी.’ नवी इमारत टेकडीवर, आणि विभाग तिसऱ्या मजल्यावर.

“म्हणजे इथं पोचलेल्याला कळणार, की इथं यायचं होतं,” काका म्हणाले. “आणि नदीने टेकडी कशी चढायची, तेही लिहायचं होतं खाली.”

नलूताईंना पुढ्यातला चहा गेला नाही. त्यांनी नियमांचं पुस्तक काढलं. जिना चढू न शकणाऱ्यांसाठी नमुना सात होता. अधिकाऱ्याने घरी जाऊन खात्री करायची आणि अर्जदाराला पंचवीस वर्षं ओळखणाऱ्या दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या. त्या पुस्तक घेऊन थेट साहेबांच्या केबिनमध्ये गेल्या.

“चारला माझी मीटिंग आहे,” साहेब म्हणाले.

“बरं साहेब. उद्या त्या जिवंत निघाल्या तर आपण मीटिंगमध्ये होतो असं लिहीन.”

साहेबांनी गाडी काढायला सांगितली. पण सह्यांचा ढीग उपसून निघेपर्यंत चार वाजलेच.

शेवंती पुलाखालच्या खोलगट जागी होती. दोन सतरंज्यांएवढी उरली होती, आणि जलपर्णी गळ्यापर्यंत ओढून पडली होती. नलूताई काठावरच्या दगडावर बसल्या आणि गुडघ्यावर नमुना सात ठेवला.

“नाव?”

“शेवंती. तुला माहीत नाही होय?”

“विचारावं लागतं. वय?”

“लिही काहीतरी. जास्त नको लिहू.”

“लग्न, पुनर्विवाह वगैरे?”

“समुद्राचं स्थळ आलं होतं. मध्ये धरण बांधलं.”

नलूताईंनी ‘लागू नाही’ असं लिहिलं. मग पेन बाजूला ठेवलं. “शेवंतीबाई, तो शेरा मीच लिहिला होता. सूचनाही मीच चुकीच्या दारावर लावली.”

“अगं, होतं. एका पावसाळ्यात मी तुमची आख्खी कचेरी भिजवली होती. तेव्हा तुम्ही काही मनात धरलंत का? चल, पुढचं विचार.”

पुढे साक्षीदार होते. सोपानकाकांनी पहिली सही केली. दुसरा मिळेना. पुलावरचा शेंगदाणेवाला अकरा वर्षांपूर्वी आलेला. वाहतूक हवालदाराची बदली गेल्याच महिन्यात झालेली. नलूताई लग्न होऊन या शहरात आल्या त्याला चोवीस वर्षं सात महिने झाले होते.

“पंचवीस लिहा की,” काका म्हणाले. “पाच महिने काय कुणी मोजायला येतंय?”

नलूताईंनी पेन उचललं. साडेचार वाजले होते. पेन कागदावर टेकलं, आणि तिथेच राहिलं. “नाही हो काका. खोट्या सहीवर जगवलं, तर उद्या कुणीही हरकत घेईल आणि ह्या परत मरतील.”

“मग तो गाडीला टेकून उभा आहे तो कोण?” शेवंतीने विचारलं. “खडक्यांचा बंडू ना?”

“मी यांना ओळखत नाही,” साहेब घाईने म्हणाले.

“चौथीची शाळा बुडवून पोहायला यायचास. एकदा चड्डी वाहून गेली तर केळीचं पान गुंडाळून घरी गेलास. ती चड्डी आहे हो माझ्याकडे. निळी. काढू का वर?”

हवालदार पुलावरून वाकून बघू लागला. साहेबांनी घड्याळ पाहिलं, मग बूट पाहिले.

“पेन द्या,” ते म्हणाले.

“साहेब, एक अडचण आहे,” नलूताई म्हणाल्या. “साक्षीदार आणि अधिकारी एकच चालत नाही. साक्षीदार झालात तर खात्री केल्याची सही कोण करणार?”

साहेबांनी क्षणभर विचार केला आणि गाडीच्या टपावर कागद ठेवून आदेश लिहिला. श्रीमती कापडणीस यांच्याकडे चार चाळीस ते पाच या वेळेत उपायुक्तपदाचा प्रभार देण्यात येत आहे. मग नमुना सातवर साक्षीदार म्हणून सही करून ते लांब जाऊन उभे राहिले.

नलूताईंनी शाईची गादी उघडून काठाशी धरली. शेवंती बोटभर वर आली, गादीला टेकली आणि कागदावर ठसा उमटवून मागे सरली. नलूताईंनी फाइलमधला ‘मयत’ सरळ रेघेने खोडला. त्यांच्या नोकरीतली ही पहिलीच खाडाखोड. वर ‘हयात, समक्ष पाहिले’ असं लिहिलं, आणि खाली सही केली, उपायुक्त (प्रभारी).

“अक्षर छान आहे हो तुझं,” शेवंती म्हणाली.

पाचला तीन मिनिटं कमी असताना त्या आवक खिडकीशी पोचल्या. “कागद ओला आहे,” तिथला कारकून म्हणाला.

“अर्जदार ओला आहे,” नलूताई म्हणाल्या. कारकुनाने अर्जदाराचं नाव वाचलं, मान डोलावली आणि शिक्का मारला.

दुसऱ्या दिवशी, एक तारखेला सकाळी, धरणाने थकलेलं तिन्ही वर्षांचं पाणी एकदम सोडलं. ते पात्रात मावेना, म्हणून शेवंती रस्त्याची डावी बाजू धरून, कुणाचा उंबरा न ओलांडता, बाजारपेठेतून टेकडीच्या पायथ्यापर्यंत आली. सोपानकाकांनी बाराही बोटी सोडल्या. महापालिकेचे सगळे कर्मचारी बोटीनेच कामावर आले, आणि नलूताईंनी दहाला पाच कमी असताना हजेरीपटावर सही केली.