लूकवहिनींचा परवाना आणि एक मासा

समुद्र कोणाच्याही मालकीचा नसतो. म्हणूनच त्याची व्यवस्था कोणीतरी स्वतःच्या शिरावर घ्यावी लागते. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावर हे परोपकारी कार्य लूकवहिनी करीत. त्यांच्या आज्ञेत सहाशे गलबते आणि सतरा हजार चाचे होते. (लुटारू हा शब्द दप्तरात कोठेही आढळत नाही.) वहिनींचा परवाना घेतलेल्या नावेस कोणी लुटत नसे. परवान्याचा अवमान करणाऱ्याचे मस्तक जाई. अर्ज अपुरा भरणाऱ्यास केवळ ‘उद्या या’ असे सांगत. अनेकांना पहिली शिक्षा सौम्य वाटे.

परवाने फान युन्ताक लिहीत असे. राज्यपरीक्षेत पाच वेळा अनुत्तीर्ण झालेल्या या गृहस्थास मिठाच्या गलबतावरून पळवून आणले होते. सुवाच्य अक्षरामुळे त्याचे प्राण वाचले. आठ वर्षे त्याला एकच ध्यास होता: घरी परतणे.

अखेर तो योग आला. बादशहाने सर्वांना क्षमा देऊ केली. अट इतकीच, की वहिनींनी शाही दूतापुढे गुडघे टेकावेत, आणि तेही त्या दिवशीच्या सूर्यास्तापूर्वी. (तोवर वहिनींचे गुडघे समुद्रदेवीखेरीज कोणापुढे टेकल्याची नोंद नव्हती.)

दूत क्वोकसाहेब सकाळीच आले आणि तत्काळ अडवले गेले. त्यांच्या नावेस परवाना नव्हता. आणि विनापरवाना नावेतून आलेला कागद वहिनी उघडत नसत.

“अहो बाई, मी बादशहाचा माणूस आहे!”

“असाल हो! नाही कोण म्हणतंय?” वहिनी टरबुजाच्या बिया सोलत म्हणाल्या. “पण उद्या कुणीही उठेल नि म्हणेल, मी बादशहाचा. फान, यांना कुठल्या सदरात घालायचं?”

फानने नियम चाळले. सदरे दोनच होती: मीठ आणि मासळी.

“मासळीत बसतील, वहिनी. पण नावेत मासा हवा.”

“मग आणा विकत एखादा!” दूत कडाडले.

“विकतचा चालत नाही, साहेब. स्वतः धरलेला लागतो,” फान खालमानेने म्हणाला. हा नियम त्यानेच केला होता.

मग मोरपिसाची टोपी घातलेले क्वोकसाहेब दुपारभर गळ टाकून बसले. सहाशे गलबतांवरून मार्गदर्शन चालू होते.

“साहेब, गळ हलवू नका हो!”

“अरे, आमिष तरी लावलंय का त्यांनी?”

फानने उतरत्या सूर्याकडे पाहून देवीला नवस केला: एवढ्या खेपेस घरी जाऊ दे, पुन्हा नियम करणार नाही.

सूर्य पाण्याला टेकणार, तोच मासा लागला. आणि दूताच्या हातून निसटून फळ्यांवर उड्या मारीत निघाला.

“धरा मेल्याला!” म्हणत वहिनींनीच झडप घातली, आणि दोन्ही गुडघ्यांवर बसून तो दूतापुढे धरला.

फानचे अक्षर इतके सुवाच्य कधीच आले नव्हते: ‘गुडघे टेकले. सूर्यास्तापूर्वी.’

“हे काय लिहिलंस रे, चावटा?”

“दिसलं ते लिहिलं, वहिनी.”

वहिनींनी कागद निरखला. “बरं, असू दे. अक्षर छान आलंय.”

क्षमा झाली. क्वोकसाहेबांवर या शिस्तीचा इतका प्रभाव पडला, की त्यांनी वहिनींनाच बंदराच्या परवाना-अधिकारी म्हणून नेमले. कोळी तेच, सदरे तीच, शिक्का तेवढा शाही. (मस्तक आता जात नाही, फक्त ‘उद्या या’.) फानची घरी जाण्याची रजाही मंजूर झाली, मात्र खुष्कीने जाणाऱ्यांसाठी सदर नसल्याने ती मासळीत घालावी लागली. तो सध्या धक्क्यावर गळ टाकून बसला आहे.

वाचकांनी त्यास खुशाल हसावे. केवळ इतके आठवावे, की मागच्या खेपेस खिडकीतून ‘एक कागद कमी आहे’ असे ऐकून आपण ‘चूक माझीच’ म्हणत परतलो होतो, आणि वर आभारही मानले होते.