लटकलेला सूर

नाना तुमच्या हातून चहाचा कप घ्यायचे तो असा: कपाला हात लावायचा, तुमच्या डोळ्यांत बघायचं आणि विचारायचं, "सोडला?" तुम्ही तोंडाने "सोडला" म्हणेपर्यंत कप दोघांच्या हातात. नुसती मान हलवून भागायचं नाही. भाजीवाली, दूधवाला, पाहुणे, कोणाचीच सुटका नव्हती. एकदा आमचा पोस्टमन वैतागून "नाही सोडत जा" म्हणाला, तर नाना रजिस्टर पत्राचं दुसरं टोक धरून भर उन्हात शांतपणे उभे राहिले. पाच मिनिटांनी पोस्टमनच शरण आला.

गल्लीचं म्हणणं, ही दीपनगरची खोड. नानांची अख्खी नोकरी तिथल्या वीज केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये गेली होती. लाइनवर चढलेल्या माणसाने खाली उतरून "मी लाइन सोडली" असं स्वतःच्या तोंडाने कळवल्याशिवाय इकडे वीज चालू करायचा खटका ओढायचा नाही, असा तिथला शिरस्ता. माणूस निवृत्त होऊन जळगावात आला, शिरस्ताही सामानाबरोबर आला, असं आम्ही धरून चाललो होतो. मला तर ते पटलंही होतं.

त्यांच्या घरातून येणारा सूर मात्र कोणाच्या पचनी पडत नव्हता. मे महिन्यातली जळगावची दुपार तुम्हाला सांगायला नको. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. अशा वेळी नानांच्या घरातून एकच सूर सुरू व्हायचा. पेटीसारखा, पण पेटीचा भाता मध्ये श्वास घेतो. हा घेत नसे. दहा मिनिटं, वीस मिनिटं, एकच पट्टी. नानी जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि नानी भजनी मंडळात पेटी वाजवायच्या. लोकांनी दोन अधिक दोन केले. बायका मुलांना आत ओढून दारं लावू लागल्या. दूधवाला कॅन फाटकावर अडकवून पळायचा. "सोडला" म्हणण्यातून तो तेवढा सुटला.

मी तेव्हा कॉम्प्युटरचे क्लास चालवायचो. तीन कॉम्प्युटर होते, त्यातले दोन चालायचे, आणि त्या जोरावर सगळी गल्ली मला मास्तर म्हणायची. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, पण दुपारी मीही पलीकडच्या रस्त्याने घरी जायचो. उगाच नसती उठाठेव कशाला?

एके दिवशी भरदुपारी नानाच क्लासच्या दारात. म्हणाले, "मास्तर, एक प्रोग्राम लिहून दे. चल, दाखवतो." नाही म्हणायला कारण सापडेना, म्हणून गेलो.

घरात शिरलो आणि सूर सुरूच होता. नाना माझ्यासमोर, घरात दुसरं कोणी नाही. स्वयंपाकघराच्या दारात एका टेबलावर कीबोर्ड, त्याच्यासमोर उशी घातलेलं स्टूल. स्टूल रिकामं. पट्टीवर पाट्याचा वरवंटा उभा करून ठेवलेला. माझी पाचावर धारण बसली होती, ती वरवंटा बघून थोडी खाली आली. पण कीबोर्डमधून आवाज येतच नव्हता. सूर वरच्या खोलीतून येत होता.

"आवाज बंद केलाय त्याचा," नाना म्हणाले आणि भिंतीवरून जिन्याने वर गेलेली वायर दाखवली.

वरती सगळी यंत्रशाळा. धुळ्याची एक ऑर्केस्ट्रा पार्टी मोडली तेव्हा नानांनी तिचं सामान उचललं होतं: आणखी दोन कीबोर्ड, ढोलकीचे ठेके वाजवणारं एक यंत्र आणि स्पीकरला जोडलेला आवाजाचा डबा. मध्ये जुना कॉम्प्युटर. वाजवणारी यंत्रं चार आणि कॉम्प्युटरला ती जोडायला जागा एकच, म्हणून नानांनी स्वतः एक पेटी बनवली होती. घरातल्या लाइटच्या बटणांना असतो तसला लाकडी बोर्ड, त्यावर चार सॉकेट आणि मधोमध जुन्या टेबलफॅनचा गोल खटका. खटका ज्या आकड्यावर, ते यंत्र कॉम्प्युटरशी बोलणार.

नानांनी मला ते शाळेतल्या पोराला सांगावं तसं समजावलं. या वायरींतून आवाज जात नाही, निरोप जातो. पट्टी दाबली की एक निरोप, सोडली की दुसरा. दाबल्याचा निरोप मिळाला की डबा सूर लावतो आणि सोडल्याचा मिळेपर्यंत लावूनच धरतो. आता पट्टी दाबलेली असताना मध्येच खटका दुसऱ्या आकड्यावर फिरवला तर? खालचा माणूस पट्टी सोडतो, पण त्याचा निरोप वाटेतच मरतो. डबा बिचारा वाट बघत सूर धरून बसतो.

"सूर लटकतो," नाना म्हणाले. "माझ्या पेटीतून एकही सूर लटकायला नको. बाकी मला काही नको."

मार्ग त्यांनीच काढला होता. खटका फिरला की एका जादा वायरीने कॉम्प्युटरला खबर जाईल, आणि कॉम्प्युटरने त्याच क्षणी डब्याला सगळे सूर सोडण्याचा हुकूम द्यायचा. हुकूम मी लिहायचा. आठ-दहा दुपारी त्यात गेल्या. नाना भरीत-भाकरी खाऊ घालायचे, आणि भाकरीचं ताटही "सोडलं" म्हटल्यावरच माझ्या ताब्यात मिळायचं. खाली तो वरवंटा, वर तो सूर. मी डब्याकडे पाठ करून बसत नसे, हे कबूल करतो.

प्रोग्राम झाला त्या दिवशी नाना म्हणाले, "आता खाली दगड नको. माणूस पाहिजे. तू बस."

त्या स्टुलावर बसायची माझी बिलकूल तयारी नव्हती. मी सरळ म्हटलं, नाना, आधी हे सगळं कशासाठी ते सांगा.

नाना बराच वेळ खटक्यावरची धूळ पुसत राहिले. मग सांगू लागले. नानींचे गुडघे गेलेले, जिना चढवत नसे, म्हणून एक कीबोर्ड त्यांच्यासाठी खाली मांडला. वर नाना जोडाजोडी करत. जिन्यातून हाक मारली की नानी पट्टी दाबून धरत. एका हाताने पट्टी, दुसऱ्या हाताने मेथी निवडायची. त्या दुपारीही हाक मारली, सूर आला. नानांनी खटका नानींच्या एकवरून दोनवर फिरवला आणि वायरींना कथलाचे डाग द्यायला बसले. सूर चालू होता. वीस मिनिटं झाली, तीस झाली. नानी थकली नाही याचं त्यांना कौतुक वाटलं. वरून ओरडूनही सांगितलं की शाब्बास, धरून ठेव.

"खाली आलो तर भिंतीला टेकून बसलेली. हात मांडीवर. आणि वर सूर चालूच." नाना म्हणाले. "डॉक्टरने विचारलं, कधी झालं? मी काय सांगू मास्तर? मी तर ऐकत होतो."

मी खाली जाऊन त्या स्टुलावर बसलो.

जिन्यातून हाक आली. मी पट्टी दाबली, वर सूर लागला. स्वयंपाकघरात डबे नीट रांगेने मांडलेले होते. बाहेर रस्त्यावर कोणी नव्हतं. पट्टी गरम लागत होती, ती उन्हामुळेच असणार. वरून नाना म्हणाले, "धरून ठेव." मी धरून ठेवली. मला वाटलं, खटका फिरला असेल आणि माझा प्रोग्राम चुकला असेल, तर आता मी उठून गेलो तरी वर कोणाला कळणार नाही.

मग सूर तुटला. माझं बोट अजून पट्टीवरच होतं. वर खटका फिरला होता आणि नानांच्या पेटीने बरोबर काम केलं होतं.

वरती खुर्ची पडल्याचा आवाज झाला. जिन्यावर धडधड पावलं. नाना अनवाणी, हातात पेचकस तसाच, दारात येऊन उभे राहिले. इतक्या महिन्यांची मेहनत फळाला आली होती, मला वाटलं आनंदाने आले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता.

"तू शे ना रे, मास्तर?"

"शे, नाना. इथेच आहे," मी म्हणालो.

ते धापा टाकत चौकटीला टेकले. नोकरीत आणि शहरात इतकी वर्षं काढलेला माणूस, पण आता तोंडून घरचीच बोली निघत होती. "सूर थांबना आन् मी उनू," ते म्हणाले. "दख, एक मिनिट बी नही लागनं."

त्यांची नजर माझ्या बाजूच्या भिंतीवर होती. सूर थांबताच आलो, हे ते मला सांगत नव्हते, एवढं मला कळलं, आणि त्यांचं बोलून होईपर्यंत मी खाली मान घालून बसून राहिलो.