राणीसाहेबांचा हात उंच छापिला त्याची हकीकत

श्रीगणरायास नमन, कुलस्वामिनीस दंडवत, आणि ऐकणाराने सुपारी तोंडात टाकून स्वस्थ बसावे, मध्ये बोलूं नये. शके एकोणीसशें चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरे, आश्विन मासी एका राज्यात जे वर्तमान घडले ते लिहितो. राज्याचे नाव घेत नाही, नाव घेतले की लोक भांडावयास येतात.

ते राज्यी मकाजीराजे राज्य करीत असतां त्यांच्या राणी सगुणाबाईसाहेब कैलासवासी जाहल्या आणि राजांच्या डोळ्याला डोळा लागेना. कारण ऐसे की, राणीसाहेब निजतेसमयी राजांचे छातीवर उजवा हात ठेवीत, आणि हात पडला की राजे घोरूं लागत, ऐसा उभ्या संसाराचा शिरस्ता. आता हात नाही म्हणोन झोप नाही. वैद्य जाहले, काढे जाहले, आणि मग राजे भर दरबारी डुलक्या घेऊं लागले, आणि परराज्याचे वकील बोलत असतां "सगुणा!" म्हणोन दचकून उठले, तेव्हा कारभारी विसाजीपंत यांनी कपाळास हात लाविला. आता, मुदपाकखान्यात नवा ओटा घालतेवेळी राणीसाहेबांनी ओल्या सिमेंटावर तळहात दाबिला होता. गवंडी ओरडला होता, "अहो बाईसाहेब, आत्ता घोटलंय ते!" आणि बाईसाहेब पोट धरधरून हसल्या होत्या. तो ठसा तैसाच राहिला, हातावरल्या रेषांसुद्धा, तर्जनीवर तव्याचा चटका बसला होता त्या वणासुद्धा. राजे नित्य तेथे जाऊन आपला हात ठेवीत. परंतु तो पडला खळगा. "पंत, आमचाच हात खाली जातो हो, तिचा काही वर येत नाही," ऐसे बोलोन राजे लेकरासारखे रडले, आणि पंतांसही रडूं आले, लपवावे कशास.

मग राजे पंतांस घेऊन जातीने कारखान्यात गेले, जेथे फौजेच्या टी-शर्टांवर निशाण छापीत. तेथील मुख्य भागूबाई रंगारीण, हाताने कसबी आणि तोंडाने फटकळ. राजांनी मागणी सांगितली की, टी-शर्टाचे आतले अंगास, छातीवर, राणीसाहेबांचा हात उंच छापावा, अंगास लागावा. भागूबाई बोलली, "सरकार, जग बाहेरून छापून घेतं, दाखवायला." राजे बोलिले, "बाई, आम्हांस कोणास दाखवावयाचा नाही." मग तिने मुदपाकखान्यात जाऊन ओट्यावर कागद ठेवून कोळशाने ठसा उतरविला, आणि त्यावरून जाळी तयार केली, जीतून शाई कापडावर उतरते, आणि फुगणारी शाई घातली, जी छापतां सपाट असते आणि आच लागली की पुरीसारखी टम्म होते. विसाजीपंतांनी उतावीळपणे आच अंमळ वाढविली. शाई उंच जाहली खरी, परंतु आडवीही पसरली, आणि बोटास बोट चिकटून पंजा सुजल्यागत दिसूं लागला. राजांनी हात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ही आमची राणी नव्हे, ही कोणी हलवाईण." कारखाना हसला, राजेही हसले, आणि हसतां हसतां तोंड फिरवून उभे राहिले.

भागूबाईने पदर खोचला. मग मोठ्या भोकांची जाळी घेतली, आणि तीवर हाताचा आकार मोकळा सोडून भोके बुजविणाऱ्या मसाल्याचे लेपावर लेप देऊन वाळविले, म्हणजे जेवढा लेप जाड तेवढी शाई आत उभी राहते. कापड फळीस गोंदाने घट्ट बसविले, आणि न फुगणारी घट्ट शाई जाळीतून सावकाश ओढिली, आणि अर्धी सुकवून त्याच जागी पुन्हा ओढिली, आणि पुन्हा, कोठे केसभर ढळूं न देता. हात उभा राहिला. काठ नेटके, करंगळी राणीसाहेबांची तैसीच बारीक. परंतु इतकी शाई चढतां रेषा बुजल्या, आणि चटक्याचा वणही बुजला. तेव्हा बाईने दुसरा छाप काढिला, बारीक जाळीचा, पातळ, जयात रेष अन् रेष आली, परंतु उंची नाही. दोन्ही राजांपुढे ठेवून बोलली, "राग मानू नका सरकार. रेषा हव्या तर उंची नाही, उंची हवी तर रेषा नाहीत. दोन्ही एकात माझ्याच्यानं होत नाही, कुणाच्याच्यानं व्हायचं नाही." विसाजीपंत बोलिले, "अहो, मोठ्या करून रेषा काढा, कोणास कळते!" भागूबाई उसळली, "यांना कळेल!"

राजांनी पातळ छाप उचलिला, आणि तो वण पाहिला, आणि त्यावर ओठ टेकिले. मग घडी करून पंतांचे हाती दिला आणि बोलिले, "रेषा पाहावयास डोळे उघडे लागतात. आम्हांस डोळे मिटावयाचे आहेत. उंच तो द्या."

मग तो टी-शर्ट शाई पक्की होईतों भाजून, निववून राजांस घातला, आणि राजे तेथेच कारखान्याचे चटईवर दुपारचे आडवे जाहले, म्हणाले, "गार लागतो." थोडक्याच वेळात घोरणे ऐकूं आले. पंत दरबारासाठी उठवूं गेले तो भागूबाईने त्यांची बाही धरून मागे ओढिले, आणि यंत्रे बंद करविली, आणि सारा कारखाना चवड्यांवर चालूं लागला. दिवस कलतां राजे जागे जाहले आणि छातीवर हात दाबून बोलिले, "बाई, तिचा हात कोमट आहे."

भागूबाईस खोटे बोलण्याची सवय नव्हती. म्हणाली, "सरकार, ती ऊब तुमचीच आहे."

"ठाऊक आहे," राजे बोलिले, आणि हात काढिला नाही.

एणेंप्रमाणे ते राज्यी छाप उंच जाहला आणि राजा निजला. राणी आली नाही. घडले तितुके लिहिले.